एका खेपेचा माणूस

टेम्पो स्टँडवर त्याला सगळे 'एकखेप' म्हणायचे. चिडवायला ठेवलेलं नाव माणूस छातीवर मिरवायला लागला की चिडवणाऱ्यांचीच पंचाईत होते. यानं तर ते टेम्पोच्या मागच्या फळीवर पिवळ्या अक्षरांत रंगवून घेतलं होतं, भोवती वेलबुट्टीसकट.

धंदा बिऱ्हाडं हलवायचा. दुसरे टेम्पोवाले घर बघून सांगत, दोन खेपा होतील, तीन होतील. हा दारात उभा राहून एक डोळा बारीक करी, पलंग, कपाटं, गाद्या सगळं नजरेनंच उचलून बघे आणि म्हणे, "एक." मग कपाटाच्या पोटात भांडी, भांड्यांच्या पोटात चपला, खुर्च्या एकमेकींच्या मांडीवर, आणि सगळ्यावर गाद्यांचा डोंगर. टेम्पो रस्त्याला लागला की वाटावं, गाभण म्हैस चाललीय. वाटेत काही ना काही पडायचंच. पडलं त्याला तो 'किरकोळ' म्हणे. एका मास्तरणीचा उभा आरसा किरकोळ होता. एका म्हाताऱ्याची आरामखुर्ची किरकोळ होती. म्हाताऱ्याला मात्र ती किरकोळ वाटली नाही, तो बिचारा रस्त्यात बसून एकेक पट्टी गोळा करत होता.

"दोन खेपा मारणाऱ्याच्या डोक्यात एक खेप कमी असते." हे त्याचं वाक्य. इतक्यांदा बोलून झालं होतं की ते सुरू झालं की स्टँडवरचं कुत्रंही उठून दुसऱ्या टेम्पोखाली जाऊन झोपे.

घरी काही वेगळं नव्हतं. बाजारातून येताना दोन्ही हातांत पिशव्या, काखेत दूध, दातांत किल्ली, असा जिना चढून येई आणि दार लाथेनं वाजवी. दूध फुटायचं, अंडी फुटायची. पण एक पिशवी खाली ठेवून पुन्हा उतरणं म्हणजे त्याच्या हिशेबी नामर्दपणा. आंघोळीला बसे तो बनियन अंगात ठेवूनच. माणूस आणि कपडा एकाच बादलीत निघतो म्हणे. निघत दोन्ही नसत, ते सोडा. आणि त्याची आई आल्यागेल्याला कौतुकानं सांगायची, "लहानपणापासून असाच आहे हो, एकदम हुशार."

अशा माणसाला बायको मिळाली ती काजं करणारी. पहारेकऱ्यांचे कोट शिवणाऱ्या एका कारखान्यात ती हातानं काजं घालायची. काज म्हणजे कापडाला मुद्दाम पाडलेलं भोक, आणि ते फाटू नये म्हणून त्याच्याभोवती दोऱ्याचा एकेक टाका. एका वेळी एकच टाका पडतो. दोन एकदम घालायला गेलं की गुंता होतो आणि कोट वाया जातो. ज्या बाईनं सगळा जन्म असं एकेक करून काढला, तिच्या गळ्यात हा गठ्ठा बांधला गेला होता.

दिवस गेले आणि तिचं बिघडायला लागलं. सुरुवातीला कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण बाई थकली तर ती थकणारच, पोटुशी आहे, असं म्हणून सगळे मोकळे. भर दुपारी कारखान्यात, बाकीच्या बायका पंख्याखाली जागा मिळावी म्हणून भांडत असताना, ही पंखा बंद करायला सांगे. केस गळून सुईच्या दोऱ्यात अडकत. दोन जिने चढली की भिंतीला हात लावून उभी राही. सासू म्हणे, "सुस्ती आहे ती. दुसरं काय."

ओळखलं ते कारखान्याच्या कापणीवाल्या मास्तरानं, आणि तेही स्वतःच्या नुकसानीमुळे. कापडावर खुणा करायचे त्याचे खडू कमी होत होते.

"पोरी, माझे खडू उंदीर नेतात का गं?"

ती काजावरची मान वर काढेना.

"उंदराच्या ओठाला पांढरं लागलंय," मास्तर म्हणाला. तिनं झटकन तोंड पुसलं. "खा बाई, खा. पण निळ्याला हात लावू नको, निळा मिळत नाही लवकर."

"मास्तर, राहवतच नाही. वास आला की तोंडाला पाणी सुटतं."

मास्तरानं कात्री खाली ठेवली. "माझी बहीण पाटीवरची पेन्सिल खायची. अंगात रक्त नव्हतं तिच्या. उद्या कामावर येऊ नको, दवाखान्यात जा."

डॉक्टरबाईंनी रक्त काढून घेतलं. पुढच्या खेपेला समोर बसवून सांगितलं की तुमच्या रक्तात लोह फार कमी आहे, म्हणून धाप लागते आणि म्हणूनच खडू खावासा वाटतो. आणि गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी मंद चालते आहे, म्हणून थंडी वाजते, केस गळतात, विसरायला होतं. "हे अंगावर काढायचं दुखणं नाही," त्या म्हणाल्या. "सुरुवातीचे महिने बाळ तुमच्याच थायरॉइडवर जगतं. त्याचा मेंदू त्यावर घडतो. ते कमी पडलं तर त्याला कमी पडतं. आणि रक्त असंच राहिलं तर बाळंतपणात तुमच्या जिवाला धोका."

मग गोळ्या समजावल्या. थायरॉइडची सकाळी उठल्या उठल्या, रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर. त्यानंतर निदान अर्धा तास तोंडात काही नाही, चहासुद्धा नाही. लोहाची दुपारी लिंबूपाण्याबरोबर, चहा-दुधापासून लांब. कॅल्शियमची रात्री जेवल्यावर. "या तिघींची एकमेकींशी गाठ पडू द्यायची नाही. कळलं?"

तिला कळलं. एकेक टाका वेगळा घालायचा, यात न कळण्यासारखं काय होतं?

एकखेप तेव्हा बाहेर टेम्पो लावायला जागा शोधत होता. आत आला तेव्हा शेवटचंच वाक्य कानावर पडलं. घरी पोचेपर्यंत त्याच्या डोक्यात तेच.

"तीन वेळा? म्हणजे गोळ्या खायच्या का गोळ्यांची नोकरी करायची?"

"अहो, डॉक्टरबाई म्हणाल्या वेगवेगळ्याच घ्यायच्या."

"त्यांना काय जातंय सांगायला. पोटं किती आहेत गं तुला? तीन?"

सासू आतून म्हणाली, "आणि दुपारची ती कारखान्यात विसरणार. आत्ताच मीठ विसरली होती."

ते खरं होतं. त्या आठवड्यात ती दुपारची गोळी खरंच दोनदा विसरली, आणि तेवढं निमित्त त्याला पुरलं. दुसऱ्या दिवसापासून गोळ्यांचा कारभार त्यानं हातात घेतला. सकाळी तोंड धुऊन ती स्वयंपाकघरात आली की हा पाकिटं फोडून सगळ्या गोळ्या तळहातावर मांडून उभा. दुसऱ्या हातात आईनं केलेला चहा, दुधानं घट्ट, वर साय धरलेला.

"आ कर. एकाच घोटात. हां. सुटली गाडी."

आणि तो गाडीला चावी मारायला निघून जाई, बायकोची काळजी घेतल्याच्या समाधानात. स्टँडवर सांगेही, "माझ्या हातानं देतो मी. आहे का कुणी असा नवरा?" नव्हता, खरंच नव्हता. दुसऱ्या बायकांचे नवरे काहीच करत नसत, आणि त्या बायका त्यामुळे जरा बऱ्या होत्या.

ती का गिळत होती, असं कुणी विचारेल. पहिले काही दिवस बोलून बघितलं तिनं. पण भांडायला अंगात रक्त लागतं, आणि नेमकं तेच कमी होतं. सकाळच्या पहिल्या मिनिटाला जिला उभं राहण्यासाठी ओटा धरावा लागतो, ती कुठं वाद घालणार? तळहात पुढे आला की ती तोंड उघडी. लाकूड फोडताना ढलपी उडते तसं त्याचं हुशारपण घरभर उडत होतं, आणि लागायचं तिलाच.

पोट पुढे आलं तसा चेहरा सुजला. आवाज घोगरा झाला. कामात सुई हातातच राही आणि डोळे मिटत. मास्तर तिच्यापुढचे कोट गुपचूप दुसरीकडे सरकवी. खडू काही सुटला नव्हता. आता ती पदराच्या गाठीत घेऊन फिरायची.

पुढची तपासणी आली. या वेळी एकखेप सुरुवातीपासूनच आत आला, खुर्चीत बसला, टेबलावर कोपर टेकलं. डॉक्टरबाईंनी कागद बघितला, पुन्हा बघितला आणि तिच्याकडे रागानं पाहिलं.

"तुम्ही गोळ्या घेत नाही आहात."

"घेते ना बाई."

"घेत असाल तर रक्त आणखी खाली कसं गेलं? थायरॉइड गोळीनंही जागेवर नाही. बाळाचं वजन दिवसांच्या मानानं कमी भरतंय. तुम्हाला याचा अर्थ कळतोय का?"

तिचे डोळे भरले. ती काही बोलायच्या आत एकखेप उठून उभा राहिला. आपल्या कारभारावर ठपका, आणि तोही भरल्या खोलीत.

"ओ मॅडम, जरा जपून. एक गोळी चुकलेली नाही. मी देतो, स्वतः, या हातानं. रोज सकाळी. पाहिजे तर माझ्या आईला विचारा. तुमचा औषधवालाच खोटी गोळी देत असणार, त्याला धरा."

"रोज सकाळी कुठली देता?"

"सगळ्या," तो छाती काढून म्हणाला. "थायरॉइड, लोह, कॅल्शियम, सगळ्या एका खेपेत. वरून चहा. चांगला दुधाचा. घशात अडकायला नको म्हणून."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. खोलीच्या कोपऱ्यात नर्स इंजेक्शनाच्या सुया मोजत होती, तीही थांबली.

"चहाबरोबर," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"कडक."

त्यांनी समजावलं. अशा माणसाला समजावतात तसं, म्हणजे पाणी वाया जाणार हे माहीत असून दगडावर ओततात तसं. लोह आणि कॅल्शियम पोटात थायरॉइडच्या गोळीला धरून ठेवतात, ती रक्तात उतरूच देत नाहीत. कॅल्शियम लोहाला अडवतं. उरलंसुरलं लोह चहा अडवतो. म्हणजे एवढे महिने ही बाई रोज औषध गिळत होती आणि त्यातलं जेमतेमच अंगी लागत होतं.

"पण मॅडम," एकखेप म्हणाला, "पोट तर एकच—"

"अहो." बायको बोलली. घोगऱ्या आवाजात, पण बोलली. "तुम्ही पलंग आणि कपाट एकदम दारातून नेता का?"

"हे काय आता मध्येच?"

"नेता का?"

"एकदम कसं नेईन? दार अडेल. आधी पलंग आडवा करून काढायचा, तो टेम्पोत चढला की मग कपाट, त्याचे—" तो बोलता बोलता थांबला.

"आणि माझं पोट काय कारखान्याचं गेट आहे?" ती म्हणाली.

नर्सनं तोंडावर हात धरला. एकखेप खाली बसला. उभ्या आयुष्यात त्याला एवढी एकच गोष्ट येत होती, दारातून सामान कसं काढावं. आणि तीच त्याला कळली नव्हती. असल्या माणसाला काय म्हणावं? अडाणी म्हणावं तर अडाण्यांचा अपमान. अडाणी माणूस निदान विचारतो.

डॉक्टरबाईंनी त्याच्याकडे बघायचं सोडून दिलं आणि तिला म्हणाल्या, "आता गोळ्यांनी रक्त भरायची वाट बघत बसता येणार नाही. लोह शिरेतून द्यावं लागेल. थोडं थोडं, दिवसाआड इथं येऊन झोपायचं."

"एकाच बाटलीत सगळं नाही का देता—" असं त्याच्या तोंडून निघालं. सवय ती सवय. दोघी बायांनी एकदम त्याच्याकडे बघितलं आणि पुढचे शब्द त्यानं गिळले. त्या दवाखान्यात त्यानं गिळलेली पहिली योग्य गोष्ट ती.

मग दिवसाआड दवाखाना. ती हातात सुई घेऊन पडून राही, पण ही सुई तिलाच टोचलेली. बाटलीतलं तपकिरी पाणी थेंब थेंब उतरे. एकदा तिनं नर्सला सांगितलं, "काजासारखंच आहे हे. एकेक." एकखेप बाहेर बाकावर बसे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, "लोह आणि थायरॉइड कधी एकत्र करायचं नाही, बरं का. लोकांना माहीतच नसतं." स्टँडवर तर त्यानं दवाखानाच उघडला. कुणाच्या सुनेला, कुणाच्या मेहुणीला, ज्यांना कसलंही दुखणं नव्हतं त्यांनाही. "अडाणी लोक एकदम गिळतात," तो मान हलवत म्हणे. कुत्र्यानं आता त्याच्या टेम्पोची सावली कायमची सोडली होती.

घरात गोळ्यांच्या जागा बदलल्या. बदलल्या तिनंच. लोहाची गेली तिच्या जेवणाच्या डब्यात, लिंबाशेजारी. कॅल्शियमची ताटांच्या फळीवर. थायरॉइडचं पाकीट उशाशी खिळ्याला, एका पिशवीत, शेजारी पाण्याचा तांब्या. सासू सकाळी चहाचा कप घेऊन आली की ही म्हणे, "आई, ठेवा तिकडं. अजून वेळ आहे." सासूला तो अपमान वाटे. चहा निवू नये म्हणून ती कपावर बशी झाकी, पण आपटूनच.

हळूहळू चेहऱ्यावरची सूज उतरली. हात चालायला लागला. एक दिवस कारखान्यात तिनं गाठीतला खडू काढून दातांखाली धरला आणि थुंकला. खडूसारखा लागला, खडूच. मास्तर दुरून बघत होता.

"आता खडू पुरतात हं मला," तो म्हणाला.

"निळा एक खाल्ला होता मास्तर. सांगायचं राहिलं."

"माहितीये. चव कशी होती?"

"पांढऱ्यासारखीच."

"मग उगाच जपला मी," मास्तर म्हणाला आणि कापायला लागला.

कळा सुरू झाल्या त्या कारखान्यातच, सकाळच्या कामात. मास्तरानं रिक्षा बोलावली, बरोबर शेजारची बटणवाली दिली आणि एकखेपला फोन केला, "थेट दवाखान्यात ये."

थेट जाईल तो एकखेप कसला. आता जायचंच आहे तर, असं म्हणून तो आधी घरी गेला. गादी घेतली. दुसरी गादी आईसाठी. पाळणा, बादल्या, स्टोव्ह, पंखा, आईची खुर्ची, डबे, दोन उशा, कपड्यांचं गाठोडं. पाळण्याच्या पोटात डबे, बादलीच्या पोटात स्टोव्ह. सगळं आवळून, आईला पुढे बसवून तो दवाखान्याच्या दाराशी पोचला तेव्हा दुपार कलली होती.

दारावरच्या पहारेकऱ्यानं डोंगराकडे पाहिलं. "इथं राहायला आलात का?"

"बाळंतीण आहे आतमध्ये."

"बाळंतिणीला खाट आहे, गादी आहे, पंखा आहे. हे आत येणार नाही."

तो जिना चढून वर गेला तेव्हा मुलगी जन्माला येऊन, पुसून, गुंडाळून झाली होती. वजनाला थोडी कमी, आवाजाला भरपूर. बटणवाली तिला मांडीवर घेऊन बसली होती. रक्त जायचं ते गेलं, पण बाळंतीण शुद्धीत होती, ओठाला रंग होता. नर्स म्हणाली, दोन महिन्यांपूर्वीची तब्येत असती तर इथून रक्ताच्या बाटल्यांसाठी पळापळ झाली असती.

मग नर्सनं विचारलं, "उद्या सकाळची थायरॉइडची गोळी आणलीत ना? यांचं पाकीट आणून द्या, उठल्याबरोबर लागेल."

एकखेपनं खिसे चाचपले. खिडकीतून खाली टेम्पोकडे पाहिलं. गाद्या होत्या, स्टोव्ह होता, आईची खुर्ची होती. खिळ्यावरची पिशवी खिळ्यावरच होती.

"जा," बायको म्हणाली. डोळे मिटलेलेच. "सगळं परत घेऊन जा. फक्त ती आणा."

अशा रीतीनं तो डोंगर जसा आला तसा परत गेला, आणि संध्याकाळी एवढा मोठा टेम्पो रिकामा घेऊन एकखेप आला, शर्टाच्या खिशात काडेपेटीएवढं एक पाकीट.

जन्मानंतर बाळाच्या टाचेतून थेंबभर रक्त काढून घेतलं होतं, त्याचा निकाल काही दिवसांनी कळायचा होता. आईच्या गळ्यातलं मंदपण पोरीच्यात उतरलंय का, एवढाच प्रश्न. ते दिवस बायकोनं कसे काढले ते तिचं तिला माहीत. पोरगी जास्त वेळ झोपली की ती तिच्या तळपायाला टिचकी मारून उठवी आणि रडली की श्वास सोडी. डॉक्टरबाईंनी बोलावलं. त्यांनी कागद पाहिला आणि पहिल्यांदाच हसल्या. "मुलीचं थायरॉइड ठीक आहे. वजन भरेल. वाढीकडे लक्ष ठेवू आपण. तुमची गोळी मात्र मी सांगितल्याशिवाय बंद करायची नाही."

बायकोनं पोरीला छातीशी घट्ट धरलं. बोलला तो.

"बघा," एकखेप म्हणाला, जिना उतरताना, मोठ्यानं, म्हणजे चढणाऱ्यांनाही ऐकू जावं. "उगाच घाबरवतात डॉक्टर लोक. एवढे महिने एकदम दिल्या, झालं का काही?"

ती पायरीवर थांबली. पोरीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"झालं नाही ते शिरेत सुया खुपसून घेतल्या म्हणून. त्या कुणी घेतल्या?"

तो जिन्याचा कठडा चाचपायला लागला.

"उद्यापासून सकाळी पोरीला तुम्ही घ्यायचं. मी गोळी घेईन आणि निजून राहीन. अर्धा तास. चहा तुम्ही करायचा, पण आणायचा नाही. मी हाक मारेन."

"आणि आई?"

"आईंचा चहा आधी न्या. माझा नंतर."

"म्हणजे दोनदा जायचं?"

"हो," ती म्हणाली आणि जिना उतरायला लागली, एकेक पायरी, भिंतीला हात न लावता.